डालग्याखालची सावली

भर दुपारी आमची तांबडी कोंबडी परसात चोच वासून धापा टाकत होती. पंख अंगापासून फाकलेले, डोळे अर्धे मिटलेले. ऊन लागू नये म्हणून मी तिला बांबूच्या टोपलीसारख्या डालग्याखाली झाकलं, वर ओलं पोतं टाकलं आणि मोठ्या समाधानाने भांडी घासायला गेले.

परत आले तर अण्णा, माझे वडील, डालगं उचलत होते. आतून वाफ आली. कोंबडीने मान टाकली होती.

"सावली दिलीस, पण वारा अडवलास," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

त्यांनी तिला कडुनिंबाखाली नेलं, तिचे पाय घमेल्यातल्या पाण्यात धरले. मग उन्हातून आलेल्या पाहुण्याला देतात तसं गूळ-पाणी मागितलं आणि बोटाने थेंब थेंब तिच्या चोचीला लावत राहिले.

मी नुसती बघत होते. जीव लावताना आपण किती सहज झाकून टाकतो. आई गेल्यावर अण्णांना मी गावाहून इथे आणलं. तेव्हापासून दुपारी त्यांच्या खोलीचं दार, खिडकी मीच लावून घेते. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण कोंबडी तरी कुठे ओरडली होती?

बऱ्याच वेळाने तिने मान उचलली आणि अण्णांच्या बोटालाच टोच मारली. ते हसले.

"आत चला, ऊन लागेल," माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि त्यांची खुर्ची कडुनिंबाखाली आणून ठेवली.