बाथरूमची किल्ली

शनिवारी तिसरा तास माझा असायचा. आरोग्य, सवयी, कोणाशी कसं वागायचं, सगळं त्या एका तासात कोंबलेलं. गाव हिंदी मुलखातलं, म्हणून चौथीच्या पोरायले मी हिंदीतून शिकवायची. "भरपूर पाणी प्या, लघवी दाबून ठेवू नका" हे फळ्यावर लिहून तीन-तीनदा म्हणवून घ्यायची. अन् मी स्वतः? सकाळी साडेसातपासून दीडपर्यंत एक घोट नाही. बाटली भरून न्यायची अन् घरी निघताना गेटजवळच्या कण्हेरीले ओतून द्यायची.

कावून म्हणाल, तर कोहक्यातल्या आमच्या त्या खाजगी शाळेत बायका-पोरींसाठी दोनच बाथरूम होते. एकाची कडी तुटलेली, दार लोंबत होतं, नळाले पाणी नाही. दुसरा चकाचक, टाइल्सवाला, अन् त्याले बाहेरून कुलूप. तपासणीले कोणी साहेब आले तर दाखवायले ठेवलेला. किल्ली हेडमॅडमच्या ड्रॉवरमध्ये.

अन् हेडमॅडम कोण? तर माझ्या नवऱ्याची सख्खी मामी. हथखोजचा कारखाना बंद पडून नवरा घरी बसला, तेव्हा तिनंच मले इथं चिकटवलं. शाळेत मी तिले 'मॅडम' म्हणायची अन् रविवारी विहारात 'मामी'. शाळेत जरा तोंड वाकडं केलं की संध्याकाळी सासूले माहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. किल्ली मागायची मी दोनदा हिंमत केली. एकदा ती म्हणाली, "अवं, पोरी घाण करतात." दुसऱ्यांदा नुसतं पाहिलं माझ्याकडे. मी "हाव मॅडम" म्हणून परत आली. भैताडच मी.

त्या वर्गात पहिल्या बाकावर एक पोरगी बसायची. रिसालीहून ऑटोनं येणारी, नऊ वर्षांची, महा बडबडी. बाप रेल्वेत, घरी आमच्यासारखीच नागपूरकडची मराठी. माझं सगळं उचलायची. मी खडू कसा धरते, ओरडताना मान कशी वळवते, सगळं. एकदा ती चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी तिची माय आली.

"मॅडम, पोरगी तापानं फणफणली होती. लघवीले जळजळ, रडून राहिली होती बिचारी. डॉक्टर म्हणे, पाणीच पीत नाही थे. मी रागावली तं म्हणते कशी, आमच्या मॅडमही नाही पीत. पाणी नाही प्यालं की मग जावं नाही लागत."

माय वं! ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उलट म्हणाली, "तुमचंच ऐकते थे. तुमीच सांगा ना तिले." एवढी लाज मले जन्मात वाटली नव्हती.

मी तडक ऑफिसात गेली. सगळं बोलली अन् म्हटलं, "मॅडम, थे कुलूप काढा." मामीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून दुसरी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"हे पाय, तू घरची म्हणून देऊन राहिली. तुझ्यापुरती. पोरीयले कळलं तं परत घेईन. अन् मग नोकरीचंही पाहावं लागन."

मी घेतली. घ्यायले नको होती, पण घेतली. सहा-सहा तास दाबून बसलेल्या बाईले विचारा, कावून घेतली ते.

सोमवारी पोरगी आली. पार सुकून गेली होती. तिच्यासमोर मी अर्धी बाटली प्यायली, तिलेही प्यायले लावली. ती खुदकन हसली. तासाभरानं तिची चुळबुळ सुरू झाली. मी तिचा हात धरून मागच्या व्हरांड्यातून नेलं. इकडंतिकडं पाहिलं, कुलूप उघडलं अन् तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "जा लवकर. पण कोणाले सांगू नको बरं. हे आपल्या दोघींतच."

ती आत जाईना. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग हळूच हात सोडवून घेतला.

"मॅडम, तुमीच तं शिकवलं. जो मोठा माणूस म्हणते ना, कोणाले सांगू नको, त्याच्यासोबत एकटं नाही जायचं."

ती दोन पाय आवळत, भिंतीले धरून वर्गाकडे चालत गेली. तिले हाक मारायले मले तोंड नव्हतं, अन् ते दार तसंच उघडं टाकून जायची हिंमतही नव्हती.