काकासाहेबांची अकरा लेकरं

शाळेत दाखल होणाऱ्या पोरांची नावं मी सुधारून लिहीत असे. आईबापांनी ‘इमल’ सांगितलं की मी ‘विमल’ लिहायची, ‘किस्ना’चा ‘कृष्णा’ करायची, ‘परभावती’ ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. पुण्याच्या कॉलेजातून बी. ए. होऊन पाथर्डी तालुक्यातल्या त्या खेड्यात मुख्याध्यापिका म्हणून आले होते. शुद्धलेखन माझ्या लेखी आंघोळीसारखं होतं. स्वतः रोज करायची, आणि दुसऱ्याला घालायलाही हरकत नाही.

रंगुबाई गर्जे आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली आणि तिनं नाव सांगितलं, दुरपदा. मी ‘द्रौपदी गहिनीनाथ गर्जे’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. रंगुबाईनं विचारलं, ही कोन? तुझीच मुलगी, मी म्हटलं. ती हसली, पोरीच्या पाठीत एक धपका घालून तिला वर्गात ढकललं आणि निघून गेली. मागे अजून चौदा पालक उभे होते, म्हणून मलाही ते बरंच वाटलं.

रंगुबाई ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की आमच्या भागातली अर्धी गावं बैलगाड्यांत संसार टाकून प्रवरेकाठच्या कारखान्यांकडे निघत, ती गुढीपाडव्याच्या आसपास परतत. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी विचारत नाही. पोरं पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडांना सांभाळत बसतात. पुढे हात लांब झाले की तीही कोयत्यालाच लागतात.

आपल्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे रंगुबाईनं फार लवकर ठरवलं होतं. कारण विचारलं तर ती थोर काही सांगत नसे. एकदा माहेरी निघालेली ती पाटी वाचता न आल्यामुळे भलत्याच एसटीत बसली आणि तान्ह्या पोरीला घेऊन संगमनेरला उतरली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं. “इतक्या लांबचं गाव फुकट बघाया मिळालं,” असं ती सांगे आणि स्वतःच हसे. पण संगमनेरहून आली ती पोरीला शाळेत घालायचं ठरवूनच.

तिचा नवरा गहिनीनाथ गरीब स्वभावाचा. बायको म्हणेल त्याला व्हय म्हणायचं आणि तंबाखू मळायची. रंगुबाई मात्र कारखान्यावर गेल्या गेल्या पहिल्या वर्षी विचारत सुटली की इथं शाळा कुठं हाय. दीड मैलावर एक निघाली. पहाटे अंधारात फडात जायचं, दहाच्या सुमारास मोळ्या टाकून पळत खोपीवर यायचं, पोरीला शाळेत सोडायचं आणि पळतच परत फडात. तिचं बघून आणखी बायका आपली पोरं तिच्या हवाली करू लागल्या. शेवटी अकरा पोरांची रांग तिच्यामागे चालायची. टोळीचा मुकादम काकासाहेब दहिफळे सुरुवातीला कुरकुरला, मग त्याची स्वतःचीच पुतणी त्या रांगेत निघाली आणि तो गप्प बसला. हे सगळं मला पुढे कळलं. तोवर मला एवढंच माहीत होतं की दुरपदा गर्जे पाडव्यानंतर येते आणि तरी मागे पडलेली नसते. त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देत असे.

बहात्तर सालच्या फेब्रुवारीत रंगुबाई हंगाम अर्धा टाकून पोरीला घेऊन आली. दुरपदा सातवीत होती. एप्रिलमध्ये सरकारी परीक्षा होती, आणि त्या परीक्षेला बसायचं तर हजेरीचे ठरावीक दिवस भरावे लागत. आमच्याकडचे दिवस पुरेसे नव्हते. कारखान्याकडच्या शाळेचे त्यात धरले तर सहज भरत होते, म्हणून त्या शाळेचा दाखला आण असा निरोप मीच पाठवला होता. सातवी झाली तर नगरला मुलींच्या वसतिगृहात राहून आठवी करता येणार होती. नाही झाली तर दिवाळीनंतर टोळीत तिच्या हातात कोयता येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

रंगुबाईनं पदराच्या गाठीतून दाखला काढून दिला. मी तो वाचला, पुन्हा वाचला. कुमारी ध्रुपदा काकासाहेब दहिफळे, असं त्यावर लिहिलेलं होतं.

मी भडकले. हे कुणाचं उचलून आणलंस, असं विचारलं. नाव वेगळं, बाप वेगळा, आडनाव वेगळं. रंगुबाईला माझ्या भडकण्याचं कारणच कळेना. तिथं सगळं मुकादमाच्याच नावावर असतं, ती मला समजावू लागली. खोपी त्याच्या नावावर, गाड्या त्याच्या नावावर, टोळीसुद्धा ‘काकासाहेबाची टोळी’. पहिल्याच वर्षी अकरा पोरं जमली आणि नावं पटावर घ्यायच्या दिवशी गुरुजींनी विचारलं, ही पोरं कुणाची? बरोबर आलेला मुकादम म्हणाला, माझी. गुरुजींनी अकराच्या अकरा त्याच्या नावावर लिहून टाकली. रंगुबाईला त्यात काही चुकलंय असं सात वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

“आणि ध्रुपदा कोण?” मी विचारलं.

“त्ये त्यांनी लिवलं. तुमी बी तुमच्या मनाचं लिवलंच की बाई.”

मी खडूचा डबा जागेवर ठेवायला उठले.

दोन दिवसांनी शाळा तपासायला डेप्युटी साहेब आले. गावात त्यांना दिपोटी म्हणत. परीक्षेच्या अर्जांवर सही त्यांचीच लागायची. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ही एकच मुलगी आहे असं मी म्हणू शकत नाही, म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. मी जरा चढ्या आवाजात बोलले, त्यामुळे तो आणखीच नियमाचा झाला. सोमवारी अर्ज नगरला जाणार, त्याआधी काही पुरावा आणलात तर बघू, एवढं म्हणून तो उठला. तो दिवस गुरुवार होता.

मी रंगुबाईला सांगितलं की पत्र पाठवून भागणार नाही, दाखला दुरुस्त करून आणायला हवा. तीच म्हणाली की गुरुजी पुस्तकात खाडाखोड करत न्हाईत, लई घाबरतात. मग म्हणाली, “मंग गुरुजीलाच आनते.”

मी तिला वेड्यात काढलं. साठ-सत्तर मैलांवरचा मास्तर एका तोडकऱ्याच्या पोरीसाठी कशाला येईल? ती कागद मागायला लागली. मी चार चिठ्ठ्या लिहून दिल्या, प्रत्येकीवर एका गाडीचं नाव. त्या तिनं डाव्या हाताच्या बोटांत क्रमानं धरल्या, पाथर्डीची करंगळीत, नगरची तिच्या शेजारी, आणि शुक्रवारी पहाटे एकटी निघाली. कारखान्याहून येताना पाट्या वाचायला पोरगी बरोबर होती; एकटीनं एसटीत बसण्याची तिची ही दुसरी वेळ. पहिली संगमनेरची.

शनिवार गेला. रविवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. रविवार असूनही मी दिपोटींना तालुक्याहून बोलावून घेतलं होतं, सातवीचा जादा वर्गही भरवला होता. दिपोटी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. मी त्यांना तिसरा चहा दिला तेव्हा तो प्यावा की नाही, याचा ते विचार करत होते.

साडेतीनला फाटकातून रंगुबाई आत आली. मागे एक बारीक, घामाघूम झालेले गुरुजी, काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेली सात वर्षांची हजेरीपुस्तकं. नाव भिमाजी गुरुजी. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं आणि मग रंगुबाईकडे बोट करून मला म्हणाले, “ही बाई सात वर्षं माझी शाळा भरवतेय. हिला न्हाई म्हणायला तोंड कुठनं आणू?”

दिपोटींनी त्यांना वर्गात नेलं. पस्तीस मुलंमुली बसली होती. यातली तुमची कोण, असं विचारायच्या आतच गुरुजींनी यंदाचं पुस्तक उघडलं आणि मास्तरकीच्या सवयीनं हाक दिली, “ध्रुपदा काकासाहेब.”

सगळा वर्ग खिदळला. चौथ्या ओळीतून दुरपदा उठली आणि म्हणाली, “हजर गुरुजी.”

दिपोटींनी तिला जवळ बोलावलं. तुझ्या बापाचं नाव काय, त्यांनी विचारलं. गहिनीनाथ, ती म्हणाली. मग दुसऱ्याच्या नावाला कशी उभी राहिलीस? पोरगी जराही गडबडली नाही.

“तितं आमी समदीच काकासाहेबाची हाव साहेब. उभी न्हाई राहिले तर हजेरी कशी लागंल?”

दिपोटी हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसायला लागले. मग त्यांनी गुरुजींकडची पुस्तकं आणि माझी पुस्तकं शेजारी ठेवून तारखा लावल्या. सातही वर्षं जिथे माझ्याकडे गैरहजेरी होती तिथे त्यांच्याकडे हजेरी होती. एकही दिवस दोन्हीकडे नव्हता. रंगुबाईच्या जबाबावर अंगठा घेतला, गुरुजींची सही घेतली, आणि शेवटी ते मला म्हणाले की आता कायमचं नाव काय ठेवायचं ते एकदा ठरवा, वडिलांचं सोडा, मुलीचंसुद्धा दोन ठिकाणी दोन आहे. दोन नाही, तीन, मी म्हणाले. पहिलं तिच्या आईनं सांगितलेलं, ते मी कधी लिहिलंच नाही. माझ्याच पुस्तकात मी लाल शाईनं ते लिहिलं आणि दिपोटींनी बाजूला सही केली. अर्जावरही सही झाली.

मला वाटलं, संपलं. रंगुबाई मात्र जागची हलेना. साहेबाची लेखणी हातात हाय तवर बाकीच्या दहा जनांचं बी करा, म्हणाली. दिपोटी म्हणाले, ती शाळा माझ्याकडे येत नाही. गुरुजींनी फडक्यातून एक लिहिलेला कागद काढला. गाडीत तीन तास रंगुबाई शेजारी बसली होती, आणि तिनं त्यांच्याकडून तो लिहून घेतला होता. दहा पोरांची दहा नावं, दहा बाप. त्यात ‘इमल’ होती, ‘मच्छिंदर’ होता, एक ‘कारबारी’ही होता. सगळी त्यांच्या आया म्हणतात तशी. दिपोटींनी खाली ‘योग्य कार्यवाहीस्तव’ असं लिहून गुरुजींच्या साहेबांच्या नावे सही ठोकली. माझा हात लेखणीकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

रंगुबाई त्याच संध्याकाळच्या गाडीनं गुरुजींबरोबर परत गेली. गहिनीनाथ आठवडाभर अर्ध्या कोयत्यानं ओढत होता आणि मुकादम दुसरी जोडी बघत होता. जाताना तिनं पोरीला परीक्षेपुरतं म्हाताऱ्या आजीकडे सोपवलं आणि मला एवढंच बजावलं की ही रात्री जेवली नाही तर हिला गणितं येत नाहीत, ते बघा.

एप्रिलमध्ये दुरपदा परीक्षेला बसली आणि पास झाली. फार मोठ्या नंबरानं नाही, पण गणितात चांगली. जूनमध्ये पाऊस नव्हता, विहिरींनी तळ गाठला होता, अर्धं गाव खडी फोडायला जात होतं. रंगुबाईही जात होती. एका दुपारी ती कामावरून तशीच, अंगावरच्या धुळीसकट शाळेत आली, दुरपदाला घेऊन. नगरच्या वसतिगृहाचा फॉर्म आला होता. मी चष्मा लावला आणि तो पुढ्यात ओढला.

“तुमी ऱ्हाऊ द्या बाई,” रंगुबाई म्हणाली. “तीच भरंल.”

दुरपदानं टेबलाशी उभं राहून फॉर्म भरला. मान तिरकी करून, सावकाश. मी चष्मा काढून ठेवला. भरून झाल्यावर रंगुबाईनं तो तिच्याकडून वाचून घेतला. दुरपदा गहिनीनाथ गर्जे, जन्मतारीख, गाव, तालुका, सगळं.

“हां,” ती म्हणाली. “आता द्ये बाईंच्या हातात.”