आधी वाईट, मग चहा

माझ्या बायकोच्या मामांइतका तोंडावर अशुभ बोलणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल. मी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात यायच्या आत मामा म्हणाले, "पावणं, पोरीला सैपाक येत न्हाय. आता पोहे घ्या." सासूबाईंचा चेहरा पडला, सासरे खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, गृहस्थ चेष्टा करतायत. कसली चेष्टा! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं, शब्द न् शब्द खरा होता. घरातल्या कार्याला पांढरा रस्सा संपला की बाकीचे तोंड लपवत फिरायचे, मामा मांडवाच्या दारात उभे राहून येणाऱ्याला सांगायचे, "रस्सा संपलाय. सुकं हाय. या, बसा." आधी वाईट सांगायचं, मग चहा पाजायचा, हा त्यांचा एकमेव धर्म.

म्हातारपणी त्यांनी या धर्माचाच धंदा केला. तरुणपणी मामा वकील होते. एका पक्षकाराला निकाल विरुद्ध गेल्याचं सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. "बघू, होईल कायतरी" म्हणत राहिले, आणि तो बिचारा जिंकलो समजून कागलहून पेढे घेऊन आला. त्या दिवशी मामांनी काळा कोट खुंटीला टांगला तो कायमचा, आणि लॉ कॉलेजात शिकवायला लागले. निवृत्त झाल्यावर, हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं आणि शहरात काचेच्या दारांची वकिली ऑफिसं निघाली, तेव्हा यांनी कार्डं छापली: 'वकिलांसाठी प्रशिक्षण व सल्ला'. लोकांना वाटायचं, नवे कायदे शिकवत असतील. मामा एकच गोष्ट शिकवायचे. हरल्यावर पक्षकाराला सांगायचं कसं.

मीही वकीलच, माझ्या ऑफिसातही त्यांचे वर्ग झाले. पक्षकार ते स्वतः व्हायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळला की झाला आजऱ्याचा काजूवाला. पुण्याहून आलेल्या एका ज्युनिअरनं सुरू केलं, "न्यायालयानं दुर्दैवानं आपली बाजू ग्राह्य..." "सायेब, जिकलो का हारलो त्येवढं सांगा की!" मामा ओरडले. तो कसाबसा 'हरलो' म्हणाला, तर यांनी फरशीवर बसकण मारून असा टाहो फोडला की शेजारच्या दवाखान्यातले पेशंट डोकावून गेले. मी स्वतः 'निकाल विरोधात गेला' म्हणालो. "गेला म्हंजी? वारा हाय का त्यो?" आणि त्यांचा सगळ्यात मोठा राग पुढचा होता. "जिकलं की म्हणता, मी जिकलो. हारलं की म्हणता, तुम्ही हारलासा. लाज वाटती का? म्हणा, आपण हारलो!" हे प्रत्येकाकडून वदवून घेतल्याशिवाय कुणाला चहा मिळायचा नाही.

आम्ही पोट धरधरून हसायचो. घरी मात्र मामांचं हसू आटलं होतं. मामी आधीच गेल्या होत्या, मग एकुलती एक मुलगी गेली, आणि तिची चिमुरडी यांच्याकडे आली. घरात दोघंच. मामा सत्तरीला टेकल्यावर वेणी घालायला शिकले. वेणी रोज एका बाजूला कलायची आणि पोरगी तशीच शाळेत जायची. काही वर्षांनी तिच्या बापानं बेंगळुरूत दुसरं लग्न केलं आणि मुलगी परत मागितली. माणूस वाईट असता तर लढायला बरं पडलं असतं. चांगला होता, हीच पंचाईत. मामांनी केस माझ्याकडे दिली. निकालाला मात्र आले नाहीत. "तुम्ही घरी येऊन सांगा, पावणं. शिकवलंय नव्हं?"

कोर्टानं मुलगी बापाला दिली. कोर्टातून निघालो तो उगाचच रंकाळ्याला वळसा घालून मामांच्या घरी पोचलो. मामा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. मी म्हणालो, "मामा, दर मे महिन्याच्या सुट्टीत पोरगी तुमच्याकडं..."

"पयलं वाक्य चुकलं, पावणं."

"मामा, आपण हरलो."

मी टाहोची वाट बघत होतो. मामांनी नुसती मान हलवली. "बराबर सांगितलं," म्हणाले. मग, "आता पोरीला कुणी सांगायचं? मला न्हाय जमायचं." मी सांगतो म्हणालो, तर तेही नको.

तेवढ्यात शाळेची रिक्षा वाजली. पोरगी दप्तर टाकून आत आली आणि मामा धडपडत उठले. "आधी खाऊन घे, बाळ." तिच्या आवडीचं थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा. पहिलं संपायच्या आत दुसरं वाढलं. पोरीचा हात थांबला. सहल रद्द झालेली असो की पाळलेलं मांजर मेलेलं असो, त्या घरात तिला सगळं दारातच कळायचं, खाणं नंतर. तिनं मामांकडं बघितलं.

"आजोबा, आज आधी खायला का?"

मामांनी लोण्याचा आणखी एक गोळा वाढला.

"आपण हारलो व्हय?"

मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर येऊन चपला घालायला लागलो.

आता मामा वर्ग घेत नाहीत. ऑफिसं बोलावतात, हे जात नाहीत. परवा सहज त्यांच्याकडे गेलो. दारातच मला वाटलं, म्हातारा आता काय सांगतोय! मामा म्हणाले, "पोरगी मे महिन्यात येणार हाय. बसा, च्या टाकतो." चहा झाला, दुसऱ्यांदाही झाला. वाईट असं काहीच त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.