ढोकेकाकांचा उलटा हात

ढोकेकाका पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आले ते कूलर दुरुस्त करायला. एप्रिल लागला होता, दारव्ह्याच्या रस्त्यांवर दुपारी कुत्रंही दिसत नव्हतं, आणि माझा कूलर नुसताच घरघरत होता, पाणी काही ओढत नव्हता. काका आत आले, कूलरकडे ढुंकूनही न पाहता टेबलाखाली वाकले आणि माझ्या कॉम्प्युटरच्या डब्याला उजव्या हाताची मागची बाजू लावून तसेच थांबले. मग वर बघून म्हणाले, "कूलरचं मंग पाहू. याले ताप हाये."

देवानंद ढोके हे त्यांचं पूर्ण नाव. कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावर त्यांचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. उन्हाळ्यात गावभरचे कूलर आणि बाकी वर्ष शेतातल्या पाण्याच्या मोटारी, असा त्यांचा संसार. मोटार असो, मोटरसायकलचं इंजिन असो, चहाचा ग्लास असो की शेजाऱ्याची म्हैस, काका आधी उलटा हात लावून बघत आणि मगच बोलत. असं का, हे मी एकदा विचारलं. "सरळ हात लावला अन् आत करंट असला तं मूठ आवळते, गजू. मंग तू सोडतो म्हनशीन, पन हात सोडत नाही. उलट्या हाताले झटका बसला तं तो आपोआप मांगं येते." या सवयीनं आपला जीव दोनदा वाचला, असं ते सांगत. त्यातलं एकदा म्हशीपासून.

डब्याच्या तापाचं कारण मीच होतो. लग्नाचे व्हिडिओ काढून त्याची फिल्म करून देणं हा माझा धंदा. सगळी जुळवाजुळव झाली की कॉम्प्युटर ती फिल्म शेवटी एकसंध बांधून काढतो, आणि तीन तासांच्या लग्नाला माझा प्रोसेसर आठ-नऊ तास खायचा. म्हणून इंटरनेटवर बघून बघून मी तो ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळायला लावला होता. दोन तास वाचले. ही बातमी मी गावात इतक्या जणांना सांगितली की ज्यांना कॉम्प्युटर सुरू करता येत नव्हता तेसुद्धा 'ओव्हरक्लॉक' म्हणायला शिकले. फक्त प्रोसेसर इतका तापायचा की डबा मध्येच स्वतःहून बंद पडायचा. कंपनीनं दिलेला वाटीएवढा पंखा त्याला पुरत नव्हता. आता मोठा हीटसिंक आणि दणकट पंखा घ्यायचा, असं मी ठरवलं होतं.

"हीटसिंक म्हंजे काय असते बा?" काकांनी विचारलं. मी समजावलं, की प्रोसेसरवर पातळ पात्यांचा एक गठ्ठा बसवतात, उष्णता त्या पात्यांमध्ये चढते आणि पंखा तिला उडवून लावतो. काका हसले. "असं सांग नं. मोटारीच्या अंगावर पट्ट्या असतात, त्या काय शोभेच्या असतात का?"

त्या दिवसापासून माझा हीटसिंक हे काकांचं घरचं कार्य झालं. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीचं, सुजाताचं लग्न दोन बैठकांत ठरवलं. हीटसिंकच्या बैठका मात्र तीन आठवडे चालल्या. टेबल कोणत्या भिंतीला आहे? ऊन खिडकीतून कधी आत येतं? झाडू रोज लागतो की सणावारी? वारा जिनिंगकडून येतो की जिनिंगकडे जातो? मी वैतागून म्हणायचो, "काका, मला पंखा घ्यायचाय, प्लॉट नाही." ते शांतपणे म्हणायचे, "हवा येते कुठून हे समद्यायलेच माईत असते. जाते कुठं, ते सांग."

मी मनातल्या मनात एक हीटसिंक पसंत करून ठेवला होता. दोन मनोरे, दोन पंखे आणि आत निळे दिवे. त्याची तारीफ करणारा एक व्हिडिओ मी काकांना दाखवला. कुठल्या तरी परदेशातला एक तरुण आलेख दाखवून दाखवून सांगत होता की यापेक्षा थंड काही नाही. काकांनी सगळा व्हिडिओ पाहिला. इंग्रजीतलं एक अक्षर त्यांना कळलं नसावं.

"त्या पोराच्या अंगात स्वेटर हाये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्याच्या घरी स्वेटर घालून बसा लागते. तो कायले सांगून राह्यला तुले गरमीचं? तुह्या खोलीत चव्वेचाळीस असन, तं हा डबा तुले चाळीस कुठून आनून देईन? खोलीपेक्षा थंडा तो होतच नाही." दिव्यांचा विषय काढला तर म्हणाले, "लायटिंगनं गार होत असतं तं लग्नाच्या मांडवात कोनाले घाम आला नसता."

मग त्यांनी आपली कसोटी सांगितली. शर्टाच्या खिशातून खराट्याची एक काडी काढून माझ्यासमोर धरली. "ज्या फटीत ही काडी जाते, ती फट साफ होते. जे साफ होत नाही ते घेऊ नोको. इथं हवेत रुई असते, राजा. त्या स्वेटरवाल्याच्या हवेत नसन."

मी तोच निळ्या दिव्यांचा हीटसिंक मागवला.

तो आला तेव्हा डब्याचं दार बंद होईना. हीटसिंक बोटभर उंच होता. मी दार काढून माळ्यावर टाकलं आणि काकांना सांगितलं की मोकळी हवा लागावी म्हणून मुद्दामच तसं ठेवलंय. काकांनी उलटा हात लावला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचाच मला राग आला. त्या रागात मी एक पाऊल पुढे गेलो आणि उघडा डबा थेट कूलरच्या तोंडासमोर आणून ठेवला. आकडे झपाझप खाली आले. पुणे-मुंबईच्या कुठल्याही शहाण्याला हे सुचलं नसतं, अशी माझी खात्री होती, आणि ती खरीच होती. काका मात्र पहिल्यांदाच चिडले. "मानसाले घाम येते म्हून त्याले ओली हवा बरी वाटते. याले घाम येते का? हटव ते तिथून." मी हो म्हटलं आणि हटवलं नाही.

मे महिन्यात सुजाताचं लग्न झालं. फिल्म अर्थातच माझ्याकडे होती. मांडवातल्या सहा मोठ्या कूलरांची आणि जनरेटरची जबाबदारी काकांनी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. दुसऱ्याच्या हातचा कूलर त्यांना पसंतच पडत नसे. भन्तेजी आले, पांढऱ्या कपड्यांतले वधूवर उभे राहिले, त्रिशरण सुरू झालं आणि लाइट गेले. काका मांडवामागे धावले. जनरेटर सुरू झाला, पण त्या उन्हात तो तापून तापून बंद पडायचा, आणि काका बादलीनं त्याच्या जाळीवर पाणी मारत उभे राहिले. मांडवात पाचशे माणसं गार हवेत बसून लग्न पाहत होती. मुलीचा बाप तेवढा तिथे नव्हता. हार घालून झाले, पंगतीसाठी लोक उठले, तेव्हा ते ओल्या पायांनी आले. मी म्हणालो, "काका, लग्न लागलं."

"माईत हाये," ते म्हणाले. "टाळ्या ऐकू आल्या." मग त्यांनी विचारलं, "तुनं काढलं नं सारं? मंग काय. सुजाता पहिल्यांदा माहेरी आली का सोबत बसून पाहू."

पंधरा दिवसांनी ती येणार होती. तोवर आणखी तीन लग्नं उरकायची होती, म्हणून कॅमेऱ्याची कार्डं मी नेहमीसारखी पुसून पुढच्या लग्नाला वापरली. सुजाताचं लग्न आता फक्त त्या डब्यातल्या हार्ड डिस्कवर होतं. ती यायच्या चार दिवस आधी मी फिल्म बांधायला लावली. पूर्ण वेगात, निळ्या दिव्यांसकट. अर्ध्या तासानं फट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि सगळं काळं पडलं. धंदा बुडेल वगैरे काही मनात आलं नाही. टाळ्या ऐकू आल्या, एवढंच डोक्यात वाजत राहिलं.

सांगायला गेलो तेव्हा काका एका मोटारीची तार गुंडाळत होते. त्यांनी वेढा पूर्ण केला, गाठ मारली, पक्कड खिशात टाकली आणि माझ्याबरोबर निघाले. स्टुडिओत आल्यावर त्यांनी हीटसिंकच्या पात्यांत पक्कड घातली आणि हळूहळू ओढली. आतून रुईचा ओला, घट्ट बसलेला थर अख्खा बाहेर आला. जुन्या गादीचा तुकडा असावा तसा. एवढं साचूनही दिवे मात्र शेवटपर्यंत निळेच लागत होते.

"तुनं याले हवा नाही देली," काका म्हणाले. "गोधडी पांघरून देली अन् पानी पाजलं."

कूलरचे तुषार वीज पुरवणाऱ्या पेटीत जाऊन ती जळली होती. हार्ड डिस्क जगली की गेली, हे दुसरी पेटी लावल्याशिवाय कळणार नव्हतं. काकांनी डिस्कला उलटा हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मी विचारलं, "काय वाटतं?" ते म्हणाले, "मले काय वाटते? थंडी हाये. थंडी असनं हे इलाज झाल्याचंबी लक्षन असते अन् मेल्याचंबी."

दुसऱ्या दिवशी नवी पेटी आणायला आम्ही जीपनं यवतमाळला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानात काकांनी खिशातून खराट्याची काडी काढली आणि मांडलेल्या प्रत्येक हीटसिंकच्या फटीत घालून बघायला सुरुवात केली. दुकानदार कंपन्यांची नावं सांगत होता, काका "जात नाही" म्हणत बाजूला सारत होते. निम्मं दुकान असं नापास झालं. शेवटी कोपऱ्यातल्या खोक्यातून त्यांनी जाड पात्यांचा, बुटका, दिसायला अगदीच ठोकळा असा एक हीटसिंक उचलला. काडी आरपार गेली. मग पंख्यांची पाळी. प्रत्येक पंखा कानाशी धरून बोटानं फिरवायचा आणि तो थांबेपर्यंत डोळे मिटून ऐकायचं. दुकानदारानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे कोण आहेत?" मी म्हणालो, मुलीचे वडील. त्याला काय कळलं असेल ते असो, पण त्यानं आम्हाला चहा पाजला.

त्या संध्याकाळी नवी पेटी जोडली आणि डबा सुरू केला. डिस्क फिरली. मी सुजाताच्या लग्नाचं फोल्डर उघडलं, सगळं जागेवर होतं, आणि मी खुर्चीतच मागे कोसळलो. काकांनी हीटसिंक बसवला, दार माळ्यावरून काढून लावलं, डबा कूलरपासून लांब भिंतीशी नेला. मग मला विचारलं, "हे तू किती पळवून राह्यला?"

मी आकडा सांगितला.

"अन् कंपनीनं किती सांगतलं?"

मी तोही सांगितला.

"मंग तेवढंच पळव. लग्न तीन घंट्याचं होतं. पाहाले घाई कोनाले हाये?"

म्हणजे तीन आठवड्यांच्या बैठका, दोन हीटसिंक आणि एक जळकी पेटी झाल्यावर माझा ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर पुन्हा कंपनीच्या वेगावर आला. त्या वेगाला कंपनीचा वाटीएवढा पंखाही पुरला असता. हे मी काकांना कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं, असा माझा संशय आहे.

ठरल्या दिवशी आम्ही ढोक्यांच्या घरी फिल्म लावली. काका सुजाताच्या शेजारी बसले. त्रिशरण झालं. हार घालून झाले, पडद्यावर टाळ्या वाजल्या. काका पुढे झुकून बघत होते. मग म्हणाले, "तिसऱ्या कूलरच्या ताटीतलं गवत वाळलं होतं. कोनाचं ध्यान नव्हतं." आणि चष्मा पुसायला उठून आत गेले. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. ऐन थंडीत गेले, गावातला एकही कूलर सुरू नसताना. तो ठोकळा हीटसिंक माझ्याकडे अजून चालतो. दर महिन्याला मी त्याच्यातून काडी फिरवतो. मध्यंतरी सुजाताचा नागपूरहून फोन आला. ती तिथे नर्स आहे. "दादा, लग्नातला बाबांचा एखादा फोटो असेल का रे? अख्खी फिल्म पाहिली, ते कुठंच नाहीत."

कसे असणार? ते जनरेटरपाशी होते. तरी मी जुनी डिस्क लावली आणि न कापलेलं सगळं चित्रीकरण पहिल्यापासून पाहिलं. पाठवणीच्या वेळचा एक तुकडा सापडला. चेहरा नाही, फ्रेम बिघडलेली, म्हणून मीच तो फिल्ममधून काढून टाकला होता. गाडीत सुजाता बसली आहे, तिचा हात खिडकीवर आहे. डावीकडून एक हात आत येतो. बाही मनगटापर्यंत काळी, ग्रीसची. मी काकांना कधी कशालाही सरळ हात लावताना पाहिलं नव्हतं. हा हात सरळ येतो आणि तिच्या हातावर मिटतो. मला पुढचं नीट दिसेना, डोळे पुसून पुन्हा लावावं लागलं. गाडी हलते, तो हात खिडकीबरोबर चार-सहा पावलं चालत जातो, आणि मग कुणीतरी पुढे होऊन त्याची बोटं एकेक करून सोडवतं.