मास्तरांचा डावा अंगठा

आजारी माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात : औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. दोन्ही कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणाला टाकवतही नाहीत. बाटल्या निदान आत्याबाई धुऊन त्यांत खोबरेल भरून ठेवतात. किश्शांचं काय करायचं? मग शेजारणी जमल्या की मी सांगत बसते. त्या हसतात. त्या घरी गेल्या की मला वाटतं, घरच्या आजारपणावर लोकांना हसवलं, चुकलंच आपलं! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते.

मामंजी म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं मराठी शाळेत मास्तर होते. अख्खी आळी त्यांना मास्तरच म्हणते. भाद्रपदात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. घरात माणसं कोण? आत्याबाई, म्हणजे मामंजींची थोरली विधवा बहीण, मी, पाच वर्षांची कुसुम, आणि दात येतात म्हणून चोवीस तास किरकिरणारा बाळ. आमचे 'हे' मुंबईला एका पेढीवर कारकून. त्यांचा पगार मुंबईच खाऊन टाकते. इथलं दूध, डॉक्टर, औषध, सगळं चालतं ते मामंजींच्या पेन्शनवर. आणि पेन्शनसाठी दरमहा कचेरीच्या खिडकीत जाऊन स्वतःच्या हाताने सही करावी लागते.

*

संध्याकाळी आमच्या ओटीवर पेन्शनर मंडळी बसत. त्यांतले दोघे मुख्य. एक कोर्टातून रिटायर झालेले नाजरकाका, त्यांना जगातले सगळे नियम पाठ. दुसरे पोस्टातले अंतूकाका, त्यांना ऐकू येत नाही, पण तसं कोणी म्हटलेलं चालत नाही.

वारं गेल्याचं कळलं तसे दोघेही धावत आले. मला वाटलं, आता विचारतील, शुद्ध आहे का, पेज पोटात जाते का.

नाजरकाका उंबऱ्यातूनच म्हणाले, "सही करता येत्येय का?"

मी मनात म्हटलं, केवढा हा कोरडेपणा! आणि मग आठवलं, सकाळी डॉक्टर आले तेव्हा दुसरा प्रश्न मीही हाच विचारला होता. पहिला कोणता विचारला ते काही केल्या आठवेना.

*

या मंडळींनी एक फंड काढला होता. दर आठवड्याला सभा, दरमहा चार आणे भरायचे आणि जो सभासद आजाराने अंथरुणाला खिळेल त्याला त्यातून मदत. योजना छान होती. नियम नाजरकाकांनी लिहिलेले होते.

मी धीर करून मदतीचं विचारलं. नाजरकाकांनी चष्मा लावला, वही उघडली. "कलम अकरा. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहणाऱ्याचं सभासदत्व रद्द. मास्तर तिन्ही सभांना नव्हते."

"अहो काका, ते आजारी होते म्हणून नव्हते!"

"आजारी असल्याखेरीज मदत मागतं कोण, सूनबाई?"

"म्हणजे आजारी पडलं की मदत नाही?"

"मदत आहे! फक्त गैरहजर राहता येणार नाही."

शेवटी तोड निघाली. पुढची सभा आमच्या घरी, मामंजींच्या खाटेभोवती भरली. मामंजी घोरत होते. मिनिटबुकात लिहिलं गेलं : 'मास्तर हजर. ठरावास त्यांचा विरोध नाही.' तीन रुपये मंजूर झाले. सात सभासदांनी दोन-दोन कप चहा घेतला आणि पोह्यांचा डबा तळाला लावला.

मंडळी गेल्यावर आत्याबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, पुढच्या खेपेला त्यांना कळव गो, आम्हांला बरं वाटतंय म्हणून!"

*

मी मराठी सातवी पास आहे. याचा संसारात आजवर काहीच उपयोग झाला नव्हता. आता झाला. उजवा हात चालत नाही तर मामंजींना डाव्याने सही शिकवायची, असं मी ठरवलं. ठरवून झाल्यावर मनात आलं, तीस वर्षं ज्यांनी गाव शिकवलं, त्यांना शिकवणारी मी कोण!

कुसुमची पाटी घेतली. मी धडा घालून द्यायची, मामंजी डाव्या हाताने गिरवायचे. एकीकडे बाळाला पेज, एकीकडे मामंजींना, मध्ये पाटी. कुसुम दोनतीन दिवस गप्प बसून बघत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "आजोबा, डाव्या हाताने लिहायचं नाही. तुम्हीच मला पट्टी दाखवली होतीत!"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. पण मामंजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. अडखळत, अभिमानाने म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या वर्गात एकही डावरा टिकला नाही. तो शिवराम, सर्वांत चिवट. दोन महिने बोटांवर पट्टी खाल्लीन तेव्हा उजव्यावर आला!"

एवढं बोलून डाव्या हाताने पुन्हा 'ग' गिरवायला लागले.

*

दीड महिन्याने सही जमली. इतकी सुरेख की मी ती डॉक्टरांना दाखवली, दूधवाल्याला दाखवली. आजाऱ्याची सही घरून चालते, असं म्हणत नाजरकाका तो सहीचा कागद घेऊन कचेरीत गेले. खिडकीत कारकून होता तो नेमका शिवराम, तोच पट्टी खाल्लेला.

तासाभराने नाजरकाका कागद तसाच घेऊन परत आले.

"काय झालं?"

"शिवराम म्हणतो, मास्तरांची जुनी सही कोणाला कधी वाचता आली नाही. ही स्पष्ट वाचता येत्येय. म्हणून संशय आहे!"

मग पेन्शन मिळायचं कसं? शिवरामने उपाय सांगितला होता. मास्तरांनी जातीने यायचं आणि डाव्या हाताचा अंगठा उठवायचा. सहीची गरजच नाही.

म्हणजे दीड महिना पाटी गिरवलेल्या हाताचा कचेरीला फक्त अंगठाच हवा होता! मला हसूही आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"अंगठा? मी? मी मास्तर आहे. अंगठा उठवणार नाही."

नाजरकाकांनी समजावलं. अंतूकाकांनी, नक्की काय चाललंय ते न कळताही, समजावलं. मामंजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ज्यांनी गावातल्या कितीतरी बाप्यांना "अंगठे उठवता, लाज नाही वाटत?" म्हणून ओटीवर बसवून अक्षरं शिकवली होती, ते ऐकणार कसे?

पेन्शन अडलेलंच राहिलं. आणखी एक महिना गेला, दुसरा लागला.

*

मी यांना मुंबईला पत्र लिहिलं. यांच्या प्रत्येक पत्रात 'काळजी करू नये' हे वाक्य असतंच. त्यामुळे त्यांच्या वाटणीचीही काळजी मीच करते. या खेपेला उत्तरासोबत पार्सल आलं. उघडलं तर रबराची पिशवी! गरम पाणी भरून शेकायची. मुंबईत म्हणे सगळे पेशंट वापरतात.

मामंजींनी ती एकदा अंगाला लावली आणि "बेडूक आहे" म्हणून ढकलून दिली. दोन दिवसांनी पाहते तो आत्याबाईंच्या टोपलीत वालांना बोट-बोट मोड आलेले, आणि टोपलीखाली गरम पिशवी!

मी म्हटलं, "आत्याबाई, ही आजाऱ्याची आहे हो!"

"मग आजाऱ्याच्याच पोटात जाणार आहेत वाल. दूध बंद केलंन ना त्या मेल्याने?"

दूधवाल्याने खरंच बंद केलं होतं. आणि त्याच्याही आधीपासून आत्याबाई महिनाभर स्वतः कोरा चहा पीत होत्या, हे मला तेव्हा, त्या टोपलीपाशी कळलं. माझं लक्ष बाळाच्या दातांत होतं.

*

आमच्याकडे मासळी घेऊन रखमा येते. मूळची पूर्णगडची. मागल्या दारी पाटी उतरवली की गावभरच्या गोष्टी. त्या दिवशी मी तिच्याकडून काही घेतलं नाही. तिने कारण विचारलं, मी सांगितलं.

रखमा म्हणाली, "आमच्यात कसलं पेन्शन गे बाय! माजा सासरा दोन्ही डोळ्यांनी आंधळा. रापणीचं जाळं ओढायच्या येळेला त्याला वाळूत नेऊन बसवतात, दोरीवर हात ठेवतात. दोरीला हात लावलान की जाळ्यातला वाटा त्याचा."

मामंजींची खाट माजघरात. तिथून आवाज आला, "ओढवतं का त्याला?"

"कुटलं ओढवतंय मास्तर! दोरीच त्याला ओढते!"

"मग नुसता हात लावून वाटा घ्यायचा? लाज नाही वाटत?"

रखमाने कमरेवर हात ठेवले. "लाज कसली? जलमभर ओढलान की त्यानं! आता हात दिसला म्हंजे झालं."

रखमाने जाताना चार बांगडे ठेवले. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "तुला नाय, मास्तरला. माज्या पोरांना त्यांनीच वाचायला शिकवलंन."

संध्याकाळी पेज भरवताना मामंजी म्हणाले, "सूनबाई, कचेरीत जाऊ."

*

जायचं कसं? बैलगाडीचे धक्के सोसवणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. रखमाचे मुलगे आणि त्यांचे दोन सोबती आले. आमच्या आरामखुर्चीला दोन वासे बांधले आणि चौघांनी खांदा दिला. ऊन लागू नये म्हणून आत्याबाईंनी मामंजींच्या तोंडावर उपरणं टाकलं. मागून नाजरकाका, अंतूकाका आणि फंडाचे बाकीचे सभासद, चढ होता म्हणून खाली माना घालून चाललेले. त्यांच्या मागे बाळाला कडेवर घेऊन मी. मामंजींचं बोलणं कचेरीत कोणाला कळलं नाही तर सांगायला!

हे सगळं कसं दिसतंय, ते माझ्या ध्यानात वळणावर आलं. एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीने घाईने उठून हात जोडले. "अरेरे! मास्तर ना हे? कधी गेले हो?"

उपरणं हललं. खालून मामंजींचा आवाज आला, जड पण स्वच्छ :

"अजून नाही. तेच सांगायला कचेरीत चाललोय!"

*

कचेरीत खुर्ची खिडकीपाशी टेकवली. शिवराम शाईची गादी घेऊन स्वतः बाहेर आला. चाळिशीला आलेला माणूस, पण मामंजींसमोर उभा राहिला तो पाय जुळवून.

"मास्तर, डावा अंगठा द्या."

मामंजींनी दिला. शिवरामने तो शाईत बुडवला, कागदावर टेकवला. माझा जीव भांड्यात पडला. संपलं एकदाचं!

संपलं नव्हतं. अंगठ्याभोवती दुसऱ्या कोणा लिहिता येणाऱ्या माणसाने लिहायचं असतं : अंगठा कोणाचा आणि हे अक्षर कोणाचं. शिवराम म्हणाला, "नाजरकाका, तुम्ही लिहा." नाजरकाकांनी ऐटीत बाह्या सारल्या.

"तो टाक द्या इकडे," मामंजी म्हणाले.

कोणाला समजायच्या आत त्यांनी काळ्या अंगठ्यानेच टाक धरला. मागची रांग खोळंबली. एकेक अक्षर, पाटीवर गिरवायचे तसं. मी वाकून वाचलं : 'निशाणी अंगठा पेन्शनर मास्तर यांचा. दस्तुर खुद्द.'

नाजरकाका ओरडले, "अहो, हे बेकायदा आहे! लिहिता येत असेल तर अंगठा कशाला? आणि येत नसेल तर हे लिहिलंन कोणी?"

"काय? नाही म्हणतात?" अंतूकाका म्हणाले.

सगळे शिवरामकडे बघत होते. हा कागद त्याने परत केला तर? बाळाने माझं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं, ते काढायचंही मला सुचेना.

शिवराम कागदाकडे पाहत होता. खाली त्याला 'माझ्या समक्ष' लिहून सही करायची होती, नाहीतर कागद फाडायचा होता. त्याने उजव्या हाताने टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि थांबला. मामंजींच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघितलं. मग टाक डाव्या हातात घेतला आणि झर्रकन, एका दमात, सही केली.

मामंजींनी मान तिरकी करून ती सही बराच वेळ पाहिली.

"अक्षर सुरेख आहे की रे, शिवा," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायचंस!"