जावयाचे वाण

वाइनची बाटली विकत घेताना तिच्यात नेमके काय पाहावे, हा प्रश्न मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पडला. सारा जन्म नाशिकमध्ये काढलेल्या व्यक्तीला तो इतक्या उशिरा पडावा, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु आमच्या शहरात द्राक्षे खाणारी घरे आणि द्राक्षांचे पुढे काय होते ते जाणणारी घरे वेगवेगळी आहेत. आमचे घर पहिल्या प्रकारचे. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. किण्वनाचे समीकरण मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले: डावीकडे साखर, उजवीकडे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड, मध्ये बाण आणि बाणावर यीस्ट. त्या बाणाच्या उजव्या बाजूची वस्तू घरात मात्र कधी येऊ दिली नाही.

एकदा ती येऊ पाहत होती. लेकीचा पहिला दिवाळसण होता. जावई आले, पाया पडले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली त्यांनी माझ्या पतींच्या हाती दिली. घरात चार पाहुणे होते. पतींनी कागद थोडा बाजूला सारताच बाटलीचा गळा दिसला आणि मी म्हणाले, "आमच्याकडे हे चालत नाही. जाताना आठवणीने परत न्या." चुकलेली वही विद्यार्थ्याला परत देताना जो स्वर लागतो, तोच माझा लागला होता. जावई "हो, आई" म्हणाले. बाटली त्यांनी पिशवीत ठेवली आणि पिशवी चपलांजवळ नेऊन ठेवली.

त्यानंतर ते आमच्याकडे जेवले नाहीत. भांडण म्हणावे असे काहीच घडले नव्हते. लेकीला सोडायला येत, फाटकाशी गाडी उभी करत, आत येऊन पाणी घेत आणि म्हणत, "सिन्नरला जायचंय, शिफ्ट आहे." सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते अभियंता आहेत, त्यामुळे शिफ्ट खरीही असेल. पण कोणत्याही माणसाची शिफ्ट अडीच वर्षे नेमकी जेवणाच्या वेळेलाच कशी येईल? प्रयोगात एकच निरीक्षण पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर तो योगायोग मानू नये, हे मी मुलांना शिकवले होते. स्वतःच्या बाबतीत मात्र मी योगायोगच मानत राहिले, कारण ते सोयीचे होते.

अधिक महिना लागला तेव्हा सोय संपली. अधिकात जावयाला जेवायला बोलवायचे, पुरणाचे धोंडे करायचे आणि तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, ही आमच्या घरची रीत. मी लेकीला फोन केला.

"येईल तो," ती म्हणाली. "पण कपडे, चांदीचं निरांजन असलं काही काढू नकोस. त्याला ते नकोय."

"मग त्यांना काय आवडतं?"

"वाइन. आणि तुला ते माहीत आहे, आई."

पुढे तिने जे सांगितले, ते मी प्रथमच ऐकत होते. ती बाटली दुकानातली नव्हती. जावयांचे वडील दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार. आयुष्यभर त्यांनी खाण्याची द्राक्षे पिकवली. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी एका तुकड्यात वाइनची द्राक्षे लावली. पहिला माल वायनरीला गेला, त्यातून तयार झालेल्या वाइनच्या दोन बाटल्या त्यांना भेट मिळाल्या. एक त्यांनी घरी ठेवली. दुसरी स्वतःच्या हाताने वर्तमानपत्रात गुंडाळून विहिणीच्या घरी पाठवली.

"तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?" मी विचारले.

"त्यानेच सांगू दिलं नाही. म्हणाला, आईंना वाईट वाटेल."

मी हे सारे पतींना सांगितले. ते पेपर वाचत होते. "तुझ्या जागी विद्यार्थी असता, तर तू त्याला वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावलं असतंस," ते म्हणाले आणि पान उलटले.

वाणात वाइन द्यायची, हे त्याच दिवशी ठरले. कोणती, ते ठरायला दोन आठवडे लागले.

अनभ्यस्त ग्राहक करतो ती चूक मी प्रथम केली: मी भेटवस्तूंच्या दुकानात गेले. तेथे वाइनप्रेमींसाठी म्हणून मखमली अस्तराची एक पेटी होती. तिच्यात बूच काढण्याचे यंत्र, बाटलीच्या गळ्यात घालायचे धातूचे कडे, तापमापक आणि आणखी दोन वस्तू, ज्यांचा उपयोग विक्रेत्यालाही सांगता आला नाही. मी लेकीला फोन करून विचारले की, यांतले काय काय वापरले जाईल. तिने सांगितले, काहीच नाही. ते घेतात त्या बहुतेक बाटल्यांना बूच नसतेच, फिरवून उघडायचे झाकण असते. त्यांना खरे तर पातळ काचेचे, साधे, उभ्या दांडीचे दोन पेले हवे आहेत, कारण घरातल्या चारांपैकी दोन फुटले आहेत. तेव्हा मला भेटीचा पहिला नियम समजला. आवड असलेल्या माणसाकडे त्या आवडीची शोभेची वस्तू आधीच आलेली असते, न मागता. त्याच्याकडे काय फुटले आहे, ते विचारावे.

पेले मिळाले. मग एका सकाळी पतींनी गाडी काढली आणि आम्ही त्याच छोट्या वायनरीच्या विक्रीकेंद्रावर गेलो, जिला व्याह्यांचा माल जातो. टेबलामागे चाळिशीची एक बाई होती. वायनरी तिच्या दिराची आहे, हे तिने आपणहून सांगितले.

"या काकू. काय दाखवू?"

"मला वाणासाठी हवी आहे," मी म्हणाले.

"कोणतं वाण?"

"अधिकाचं."

तिने मागच्या फळ्यांकडे पाहिले, वरपासून खालपर्यंत. "अधिक... हे वाण नाय आलं आमच्याकडं अजून. शेनीन हाय, सोविन्यों हाय, शिराझ हाय. नवीन काढलंय का कोणी?"

माझ्या लक्षात येईपर्यंत पती हसू लागले होते. द्राक्षाच्या जातीला आमच्या जिल्ह्यात वाण म्हणतात आणि जावयाच्या ताटालाही वाणच म्हणतात. मी एक मागत होते आणि ती दुसरे शोधत होती. मी खुलासा केला, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"आगं बाई! धोंड्याचं! जावयाला दारू देणारी सासू मी पहिल्यांदा बघते."

"तीस वर्षं हिने मुलांना दारूचे दुष्परिणाम लिहायला दिले," पती म्हणाले. "दहा गुणांना."

"मग काकूंना सगळं पाठ असंल," ती म्हणाली आणि तिने एक खुर्ची पुढे ओढली.

तेथे मी तासभर प्रश्न विचारले आणि तिने न कंटाळता उत्तरे दिली. सर्वांत महागडी बाटली उचलून पाहिली, तर ती इतरांपेक्षा बरीच जड होती. मी समजले, आत जास्त आहे. ती म्हणाली, आत तेवढेच. काच जाड आहे आणि बुडाला खोल खळगा आहे. "निम्मं काचंलाच देताय, काकू. वर सोनेरी कागद. घरी जाऊन ग्लासात ओतली की कागद कोण बघतंय?" पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल मी पालकांना हेच सांगत असे. मग तिने विचारले, जेवणात काय असेल. मी पुरणाचे धोंडे आणि अनारसे सांगितले. तेव्हा तिने त्या जड बाटलीकडे पाहिलेही नाही. खालच्या फळीवरून एक लहान, अर्ध्या मापाची बाटली काढली. उशिरा काढलेल्या शेनीनची गोड वाइन. द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवायची, पाणी आटते, साखर वाढते. ती सारी साखर यीस्टला संपवता येत नाही आणि उरते ती गोडी. माझ्या समीकरणात डाव्या बाजूचे थोडे उजवीकडे तसेच शिल्लक राहू शकते, हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते. गोडाबरोबर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन आंबट लागते, म्हणून पक्वान्नाहून वाइन थोडी अधिक गोड असावी, हेही तिनेच सांगितले. लहान बाटली स्वस्त पडत होती आणि तीच योग्य होती. असे दोन्ही एकत्र फार वेळा जुळत नाही.

निघताना मी व्याह्यांचे गाव सांगितले आणि विचारले, यात त्यांची द्राक्षे असतील का.

"टाकीत गेल्यावर कोणाचा माल कुठला, ते कसं कळणार? पण उशिराची शेनीन आम्ही खालच्या दोन-तीन गावांतलीच घेतो. त्यात त्यांचं गाव हाय."

"म्हणजे त्यांची आहेत असं म्हणता येईल?"

"म्हणता येईल, काकू. शपथ नाय घेता येणार."

बाटली उन्हात ठेवू नका आणि गाडीत विसरू नका, असे तिने दोनदा बजावले. उन्हाळ्याचा अधिक होता. घरी आणून मी ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या मागे आडवी ठेवली. देवघरापासून ती जागा सर्वांत दूर होती, हे कबूल केले पाहिजे.

त्याच सुमारास मी अनारशांचे पीठ केले. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून दळायचे, गुळात मळून गोळा आठ दिवस डब्यात मुरू द्यायचा. डबा उघडला, तेव्हा नेहमीचा तो किंचित आंबूस, उबदार वास आला आणि प्रथमच मला तो नीट कळला. तांदूळ पाण्यात आंबतो, मग गुळात मुरतो. अनारशाला जाळी पडते, त्यात या आंबण्याचा वाटा असलाच पाहिजे. वर्षानुवर्षे मी हा डबा देवाच्या नैवेद्यासाठी उघडत होते आणि किण्वन मात्र केवळ फळ्यावर होते, अशी माझी समजूत होती.

ठरलेल्या रविवारी ते दोघे साडेअकराला आले. जावयांनी फाटकाशी न थांबता गाडी आत घेतली, पण बसले ते दाराजवळच्या खुर्चीवर. मी त्यांना पाटावर बसवले, ओवाळले आणि ताट समोर ठेवले: तेहतीस अनारसे, वर तेवता दिवा, बाजूला दोन पेले आणि ती लहान बाटली. लेक माझ्याकडे पाहत होती, जावई बाटलीकडे.

मी वाक्य पाठ केले होते. प्रत्यक्षात ते अर्ध्यातच तुटले. "दिवाळसणाला मी जे बोलले, ते चुकीचं होतं. बाटली कोणाची होती ते मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून ते बरोबर ठरत नाही."

जावई हळू आवाजात म्हणाले, "मला नका सांगू, आई. मला तेव्हाच समजलं होतं, तुमच्या मनात काही नव्हतं. पण बाबांनी ती तीनदा गुंडाळली होती. दोनदा कागद फाटला. बाबांना सांगाल?"

"सांगेन."

"आत्ता?"

मी मान डोलावली. त्यांनी तेथेच, पाटावर बसल्या बसल्या फोन लावला आणि आवाज मोठा करून तो माझ्या हाती दिला. पलीकडून पंपाचा आवाज येत होता.

"कोण, विहीणबाई? बोला की. पोरगं जेवलं का?"

मी त्यांना सारे सांगितले. अडखळत, पण शेवटपर्यंत सांगितले. पंपाचा आवाज एकदम थांबला आणि मला वाटले, फोन बंद झाला.

"ती बाटली का?" व्याही म्हणाले. "अहो, ती लय आंबट होती. पहिलाच माल. तुम्ही ठेवून घेतली असती, तर माझीच लाज गेली असती."

"मग तुम्ही तिचं काय केलं?"

"काय करणार, फेकून देऊ का? मी आणि हिनं संपवली. हिनं तोंड असं केलं, कारल्याचा रस पाजल्यासारखं." मागून एका बाईचा आवाज आला, "खोटं नका बोलू, तुम्हीच केलं तसं तोंड!" आणि ते हसले. "विहीणबाई, काढणीला या दोघं. द्राक्षं खायला तरी चालतात ना तुमच्याकडं?"

"चालतात," मी म्हणाले. पती तोंडावर पंचा धरून हसत होते.

फोन ठेवल्यावर आम्ही पाने मांडली. जावयांनी बाटलीचे झाकण फिरवले, थोडी वाइन एका पेल्यात ओतली, वास घेतला, अनारशाचा तुकडा तोंडात टाकला आणि मग घोट घेतला. लेकीने घेतली. पतींनी "फक्त चव पाहतो" म्हणून दोनदा चव पाहिली. मी पेल्याचा वास तेवढा घेतला. त्यात मध होता, पिकलेल्या पेरूसारखे काहीतरी होते आणि खाली, अगदी थोडा, अनारशाच्या डब्याचा वास होता. मी तसे म्हणाले. जावयांनी पेला पुन्हा नाकाशी नेला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

व्याह्यांची ती बाटली खरोखर आंबट होती का, हे मला जाणून घ्यायचे होते. त्यांनी ते माझ्यासाठी रचले असण्याची शक्यता मला अधिक वाटत होती. मी जावयांच्या चेहऱ्यावरून ते ताडण्याचा प्रयत्न केला. पण त्यांची मान खाली होती आणि ते ताटातल्या धोंड्यावर तुपाची वाटी उपडी करत होते.

"आई," ते मान वर न करता म्हणाले, "अजून एक वाढता?"