रंगनाथराव मुऱ्हाळी निघाले

माझा नवरा स्वस्थ बसलेला मी आजवर पाहिलेला नाही. जेवताना त्यांचा गुडघा हलतो, झोपेत पायाची बोटं हलतात, आणि लग्नाच्या आल्बममध्ये एकाही फोटोत त्यांचे दोन्ही हात नीट आलेले नाहीत. रंगनाथराव सातपूरच्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हापासून मखमलाबादला वाटणीच्या तुकड्यात आम्ही झेंडू आणि शेवंती करतो. फुलं आपली आपण वाढतात, याचाही त्यांना राग येतो. मग ते पाण्याचा पंप खोलतात, मिक्सर खोलतात. एकदा माझं शिलाई मशीन खोललं, जोडलं आणि उरलेला स्क्रू दाखवून मलाच म्हणाले, "हा कंपनीने जादाचा दिला होता." मेकॅनिकच्या दारात जायचं नाही हा त्यांचा बाणा. आमच्या जुन्या लाल गाडीने गॅरेज आतून पाहिलेलं नाही.

एवढ्यापर्यंत हसण्यावारी नेता येतं. तेजलचं तसं नव्हतं.

तेजल आमची एकुलती एक. तिने नांदगावच्या सुगतशी रजिस्टर लग्न केलं. सुगत शाळेत शिक्षक, बौद्ध घरातला, आमच्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा शांत. मी लग्नाला गेले. रंगनाथराव घरी पंप खोलून बसले. त्या घराबद्दल ते तेजलला फोनवर जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. लिहायला हात धजत नाही. त्यानंतर दोन वर्षं ती या उंबऱ्यात आली नाही आणि यांनी तिचं नाव काढलं नाही. फक्त मी तिच्याशी फोनवर बोलायला लागले की यांची पक्कड नेमकी त्याच खोलीत हरवलेली असायची.

यंदा घट बसले त्या दिवशी तेजलचा फोन आला. "आई, दसऱ्याला येते मी. पण बाबांनी न्यायला यायचं. आणि रस्त्यावरून हॉर्न वाजवायचा नाही, घरात यायचं."

सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जातो तो मुऱ्हाळी. भाऊ जातो, भाऊ नसला तर बाप. आजूबाजूच्या सगळ्या पोरींना मुऱ्हाळी गेले, आमच्या पोरीलाच कुणी गेलं नव्हतं.

"आणि नाही आले तर?" मी विचारलं.

"तर मी परत विचारणार नाही." ती रागाने म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, आणि पोरगी बापावर गेलेली आहे. 

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ की." एवढंच. मी देवासमोर साखर ठेवली. संध्याकाळी चहा पिताना म्हणतात, "गाडीचा क्लच गेलाय."

खोटं नव्हतं ते. श्रावणापासून चढाला इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायला तयार नसायची. पण श्रावणापासून कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"एसटीने जा," मी म्हणाले.

"लेकीला पहिल्यांदा आणायची आणि नांदगावपासून एसटीत उभी करून?"

हे मात्र बरोबर होतं, म्हणून मी एसटीचा हट्ट सोडला. तिथेच चुकलं.

अष्टमीला गाडी पत्र्याच्या शेडखाली विटांवर चढली आणि गियरबॉक्स खाली आला. ऐन दसऱ्याचा झेंडू. वावरात तोडणी, अंगणात ढीग, मी आणि सासूबाई कंबर मोडेपर्यंत फुलं भरतोय, आणि घरातला कर्ता पुरुष गाडीखाली. फुलं शेवटी शेजारच्या बहिरूच्या टेम्पोने गणेशवाडीच्या बाजारात गेली. बहिरूने जाताना वाकून विचारलं, "काय रंगनाथ, जमंल ना दसऱ्यापोत?" गाडीखालून नुसता पाना आपटल्याचा आवाज आला.

नवमीला सकाळी यांनी नाशिकच्या द्वारका चौकातून नवीन क्लच प्लेट आणली. ताटाएवढी गोल चकती, दोन्ही अंगांनी खरखरीत. हीच इंजिनाच्या चाकाला घट्ट धरते तेव्हा गाडी चालते. ती खोक्यातून काढून ओसरीवर ठेवली आणि हे वावरात मोटर बंद करायला गेले.

खंडेनवमी आमच्या घरात सासूबाईंची. त्यांनी त्या दिवशी विळे, खुरपी, तराजू, सगळं धुऊन पुसून गोड्या तेलाचा हात फिरवायचा, हळदीकुंकू लावायचं आणि संध्याकाळी पाटावर मांडून पूजा करायची. मग दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. हा नियम घरात एकच माणूस मोडतो. दर दसऱ्याला रंगनाथराव झेंडूखालून हळूच एक पाना ओढतात आणि सासूबाई दिवसभर त्यांच्याशी बोलत नाहीत.

तर हे वावरातून आले तेव्हा प्लेटवर कुंकवाचं बोट होतं. यांनी तिकडे नीट बघितलंही नाही, फडक्याने पुसलं आणि प्लेट बसवली. बहिरूला बोलावून गियरबॉक्स चढवला, सगळं आवळलं, आणि तिन्हीसांजेला सासूबाईंनी मागितले तसे सगळे पाने गुपचूप त्यांच्या स्वाधीन केले. मला तेव्हाच चमत्कारिक वाटायला हवं होतं.

पूजा झाल्यावर गाडी चालू केली. इंजिन ओरडलं, गाडी बैलासारखी अडली. पुन्हा रेस दिली तेव्हा जळका वास आला.

यांनी ओळखलं. "आई, त्या चकतीला काय लावलंस?"

"समद्यांला लावलं तेच. त्याल आन् कुकू," सासूबाई म्हणाल्या. "नवी कोरी वस्तू, तिला कोरडी ठिवू का?"

क्लच प्लेटला तेलाचा थेंब चालत नाही. तेल लागलं की ती घसरते. हे मलाही ऐकून ऐकून पाठ झालंय. आता घर डोक्यावर घेणार, अशी मी तयारीत उभी राहिले. पण रंगनाथराव ओसरीवर येऊन बसले आणि त्यांचा गुडघा हलत नव्हता.

"आता काय करणार," ते म्हणाले. "उद्या दसरा. हत्याराला हात लावायचा नाही. तेजलला कळव, दिवाळीला बघू म्हणावं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या डोळ्यांदेखत ज्याने दर दसऱ्याला पाना चोरला, तो माणूस मला नियम सांगत होता. त्याला केवढं हायसं वाटलं होतं! क्लच नाही, तेल नाही, काहीच नाही. या माणसाला पोरीच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती आणि आईच्या तेलाच्या वाटीने त्याची सुटका केली होती. मला इतका संताप आला की मी आत जाऊन पोळ्या लाटायला लागले. भूक कुणालाच नव्हती.

"तुम्हाला नाही म्हणायचंय ना, तर स्वतः फोन करा," मी आतून म्हणाले. "मी नाही कळवणार."

फोन त्यांनी केला नाही. मीही केला नाही. ती रात्र तशीच गेली.

दसऱ्याला उजाडता मी तोरण करायला बसले होते. सासूबाई आंघोळ करून आल्या, पाटासमोर बसल्या, हात जोडले. मग झेंडूची फुलं बाजूला सारली आणि पाटावरून एक एक करून पाने उचलायला लागल्या. मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं. त्यांनी सगळे पाने पदरात घेतले, शेडखाली गेल्या आणि दात घासत उभ्या असलेल्या लेकाच्या पायाशी ओतले.

"आई, आज हात लावायचा नसतो."

"मला शिकवतो?" त्या म्हणाल्या. "त्याल म्या लावलं. पाप लागंल ते मला लागंल. माझी नात दोन वर्सं झाली या घरात आली नाय. त्या दिवशी तू फोनवर लय बोललास, म्या ऐकलं, आन् म्याबी गप बसले. आता उचल."

त्यांनी उचललं. त्यांना उचलावंच लागलं.

गियरबॉक्स पुन्हा खाली उतरवला. दुकानं बंद, दुसरी प्लेट मिळणार नाही. प्लेट पेट्रोलने धुतली, पॉलिश पेपरने घासली, पुन्हा धुतली, उन्हात ठेवली. बहिरू पाहुण्यांकडे गेला होता. म्हणून गियरबॉक्सचं एक टोक यांच्या छातीवर आणि दुसरं जॅकवर, आणि वर बॉनेटमध्ये वाकलेली मी, अंगावर सणाची साडी. गियरबॉक्सचा दातेरी दांडा प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात शिरला पाहिजे. प्लेट मधोमध बसवायला यांनी खुरप्याची मूठ तासून घेतली होती. तरी दांडा शिरेना. बोटभर फट राहायची. हे खालून ढकलत होते, शिव्या देत होते, घामाने निथळत होते.

"बोल्ट दे. बोल्टनेच ओढून घेतो."

"बोल्टने ओढलं की गियरबॉक्सचा कान तुटतो. सगळ्या गावाला तुम्हीच सांगता."

"तुटू दे!"

"तुटला की नांदगाव टळलं, असंच ना?" मी म्हणाले.

 शिव्या थांबल्या. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "ती दार उघडेल आणि मी काय बोलू, सुवर्णा?"

मला एकदम रडू आलं. एवढा वेळ मी नुसती चिडलेली होते. "काहीही बोला," मी म्हणाले, "पण समोर जाऊन बोला."

"बरं. वर पुलीला पाना लाव. थोडी फिरव. सावकाश."

मी पाना लावला, फिरवला; तशी आत प्लेट फिरत होती. खाली ते गियरबॉक्स हलवत होते. फिरव, थांब, अजून थोडं. आणि एकदम दांडा सरकला, फट मिटली. खालून त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. सासूबाईंनी शेडच्या खांबालाच नमस्कार केला.

निघालो तेव्हा दुपार कलायला लागली होती. मी मुद्दाम सोबत बसले, कारण वाटेतून माघारी फिरायची या माणसाची खात्री नव्हती. क्लच धरत होता. तरी पिंपळगावला गाडी थांबवून हे खाली वाकले. चांदवडला पुन्हा. "आवाज ऐकू येतोय का?"

"येतोय. तुमच्या पोटातून येतोय. चला."

मनमाडला थांबले तेव्हा मी खाली उतरून त्यांना चहा पाजला. अर्धा कप तसाच ठेवून ते पुन्हा गाडीखाली वाकले. मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच आला.

नांदगावला घरासमोर पोचलो. यांचा हात हॉर्नकडे गेला आणि परत आला. आम्ही उतरलो. दार तेजलनेच उघडलं. पांढरी साडी, केस मोकळे. तिच्या मागे सुगत, आणि त्याची आई भागुबाई. त्याही पांढऱ्या साडीत. त्यांचाही आज मोठा दिवस, धम्मदीक्षेचा; सगळे विहारातून आलेले दिसत होते.

रंगनाथराव पायरीवरच उभे. म्हणाले, "क्लच बदलत होतो. म्हणून उशीर झाला."

"दोन वर्षं क्लचच बदलत होतात का, बाबा?" तेजल म्हणाली.

सुगतने खाली बघितलं. 

"नाही," हे म्हणाले. "घाबरलो होतो. चुकलं माझं. तुझं नाही, यांचंही नाही, माझं."

ती दारातून बाजूला झाली. बास, तेवढंच. गळ्यात पडली नाही, रडली नाही. हे आत गेले आणि खुर्चीच्या कडेवर बसले, कोपरापर्यंत काळे हात मांडीवर घेऊन. भागुबाई आतून पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आल्या. त्यांनी पाणी ओतलं, पेला यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरल्या. हातात दिला नाही. आमच्यासारख्या पाहुण्यांचा त्यांना आयुष्यभराचा अनुभव असणार. तेजलने ते बघितलं आणि बापाकडे बघितलं.

रंगनाथरावांनी पेल्याला हात लावला नाही.  मग ते उठून उभे राहिले, हात शर्टाला पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तेवढं हातात द्या ना."